हाडांची गणना आणि शब्दांची निवड

प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांवर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मराठी लेखन वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. थर, खापरे, घरांच्या जमिनी यांविषयी ते नेमके लिहितात. हाडांपाशी आले की ‘गाईची हाडे’ असे म्हणून मोकळे होतात. मराठीत गाय म्हणजे मादी. लिंगनिर्णय न झालेल्या तुकड्यास हे नाव देणे म्हणजे पुराव्यात नसलेले विधान करणे होय. ‘गुरे’ म्हणावे तर त्यात म्हैसही येते. येथे ‘गोवंश’ हाच निर्दोष शब्द. शेळी व मेंढी यांची फुटलेली हाडे मात्र पुष्कळदा वेगळी ओळखताच येत नाहीत. त्यासाठी संस्कृतातून नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. माणदेशात ‘शेरडंमेंढरं’ रूढच आहे.

वयाच्या बाबतीत तर सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्यांस घरचीच परिभाषा उपलब्ध आहे. पुसेगाव वा खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला असे वय ठरविले जाते. दुधाचे दात पडून कायमचे येण्याचा क्रम हाच प्रयोगशाळेतील वयनिर्णयाचाही एक पाया आहे. परंतु बाजार पुढचे दात पाहतो. उत्खननातील जबड्यांतून ते बहुधा गळालेले असतात व अभ्यासकाच्या हाती दाढा उरतात. म्हणून दाढांच्या अवस्था या शब्दांशी ताडून पाहिल्यावाचून ते प्रबंधात घेता येणार नाहीत. असे ताडून पाहणे हाच एका प्रबंधाचा विषय व्हावा.

खरा घोटाळा केला आहे तो ‘संख्या’ या शब्दाने. पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उदाहरण घेऊ. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले; अहवाल १९८८ साली निघाला. उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. सु. १०००–७००) शेतीस उतरती कळा लागून लोक शेरडंमेंढरांकडे वळले, असे म. के. ढवळीकरांचे प्रतिपादन. हाडांचे प्रमाण हा त्याचा एक आधार. पण प्रमाण कशाचे? एका बैलाच्या मांडीच्या हाडाचे दहा तुकडे होऊ शकतात आणि ते दहा म्हणून मोजले जातात. उलट, डाव्या मांडीची दोन हाडे मिळाली तर जनावरे किमान दोन, एवढेच सिद्ध होते. शिवाय एका बैलाचे मांस कित्येक मेंढ्यांच्या मांसाइतके भरते. तुकडे, किमान जनावरे आणि मांसाचा अंदाज हे तीन रकाने वेगळे न करता तक्त्यावर नुसते ‘संख्या’ लिहिणाऱ्यास ढवळीकरांच्या मताला पुष्टीही देता येत नाही आणि त्याचे खंडनही करता येत नाही.