सोंगटीवरचा राजा

आमच्या घरी आईचा सारीपाट होता. सोंगट्यांवरचा लाखेचा रंग आई आणि आत्या यांच्या बोटांनी पार पुसून गेलेला. आई गेल्यावर मी त्या सोंगट्या काचेच्या कपाटात ठेवल्या. भाचरांनी खेळायला मागितल्या, तेव्हा ‘हरवतील’ म्हणून दिल्या नाहीत. हे आठवायचे कारण म्हणजे युरोपातील प्रबोधनकाळाच्या लाकडी सोंगट्यांचे एक चित्रमय पुस्तक. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ते मला जर्मनीहून पाठविले.

सोळाव्या शतकात दक्षिण जर्मनीत, विशेषतः आउग्सबुर्गच्या परिसरात, या सोंगट्या कोरल्या गेल्या. आपल्या सोंगटीसारखी ही उभी नाही. कॅरमच्या सोंगटीसारखी ती चपटी असते, पण बरीच मोठी, साधारण पाच सेंटिमीटर व्यासाची. मध्ये एखाद्या राजाचे वा राणीचे मुख उठावात कोरलेले आणि भोवती लॅटिन अक्षरांत नाव. खेळ आपल्या सारीपाटाचाच दूरचा भाऊबंद. त्यातही फासे टाकून सोंगट्या पुढे न्यायच्या.

ही कला पदकांकडून आली. इटलीत पिसानेल्लोने १४३८च्या सुमारास व्यक्तिचित्राचे पदक घडविले. पुढे १५१८ साली आउग्सबुर्गच्या राजसभेच्या वेळी हान्स श्वार्त्सने तिथे जमलेल्या अनेकांची पदके केली. तो आधी लाकडात नमुना कोरी आणि मग त्यावरून धातूचे ओतकाम होई. त्यामुळे लाकडात पाच बोटांच्या जागेत माणूस उभा करणारे हात त्या शहरात तयारच होते. काउफबॉयरेनच्या हान्स केल्सने १५३७ साली राजा पहिला फर्डिनांड याच्यासाठी कोरलेला खेळाचा पट आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. त्या पटावरही राजघराण्यातील माणसांची मुखे आहेत.

ही नुसती दरबारी खुशामत आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. फर्डिनांडचा भाऊ सम्राट पाचवा चार्ल्स याचा पुढे आलेला जबडा प्रसिद्ध आहे, आणि त्या काळच्या कोरक्यांनी तो झाकलेला नाही. चेहरा एका अंगाने दाखविला, की नाक-हनुवटीला लपायला जागाच उरत नाही. दोष दिसतो तो दुसरीकडे. कित्येक सोंगट्यांत गळ्यातली साखळी, टोपीची पिसे आणि कडेची अक्षरे इतकी बारकाईने कोरली आहेत, की माणूस मागे पडतो. तिथे कोरक्या खेळ विसरून पदकच घडवीत बसला आहे.

परंतु या सोंगट्यांची खरी गंमत पटावर मांडल्यावर कळते. आमच्याकडून आंबोलीचा घाट उतरला, की सावंतवाडी. तिथल्या दशावतारी गंजिफेची पानेही अशीच गोल आणि चित्रांची. एकूण १२० पाने, दहा अवतारांची बारा-बारा, आणि प्रत्येक अवताराचा राजा सर्वांत वरचा, त्याखाली प्रधान. तिथे चित्रावरून पानाचा मान ठरतो. या जर्मन सोंगट्यांचे तसे नाही. सम्राटाची सोंगटी आणि कुणा सरदाराची सोंगटी फाशापुढे सारख्याच. या कुळातल्या बहुतेक खेळांत एकटी सापडलेली सोंगटी मार खाते, मग तिच्यावर मुकुट असो वा नसो. ज्या राजाने आपले तोंड असे पटावर ठेवू दिले, त्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

एक खंत मात्र उरते. आज ज्यांचे नाक-डोळे शाबूत आहेत, त्या सोंगट्या फारशा खेळल्याच गेल्या नसाव्यात. संग्रहात जपल्या म्हणून त्या टिकल्या आणि आपल्याला पाहायला मिळाल्या, हे उपकारच. तरीही, ज्या खेळात राजा सर्वांच्या बरोबरीला येतो तो खेळच झाला नाही, तर त्या मुखाचा अर्धा अर्थ मिटलेलाच राहतो. संग्रहालयाला दुसरा इलाज नाही. मला आहे.

या दिवाळीत भाचरे येतील, तेव्हा आईच्या सोंगट्या कपाटाबाहेर असतील. एखादी हरवली, तर हरवो.