बाण्याविना कथा : ‘भीमायन’ आणि त्याचे दोन चित्रकथी

‘चित्रकथी’ हा शब्द मराठीला नवा नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर मंडळी चित्रांची पोथी पुढे ठेवून रामायण-महाभारतातील आख्याने गातात. त्यांस हे नाव पूर्वापार आहे. त्या परंपरेत गाणे पुढे चालते व चित्र मागून येते. गायकाचा आवाज थांबला की पानही मुके होते. परंतु ज्याच्या घराण्यात केवळ गाणे आहे, पोथी नाही, अशा माणसाने गाणे बाजूस ठेवून निव्वळ चित्रांतून कथा सांगावयाचे ठरविले, तर त्यास काय काय शिकावे लागेल आणि काय विसरावे लागेल? दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या भोपाळनिवासी परधान-गोंड दांपत्याने चितारलेल्या ‘भीमायन’ या ग्रंथाने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आलेले अस्पृश्यतेचे अनुभव हा ग्रंथाचा विषय. मूळ संहिता इंग्रजीत असून ती श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी लिहिली आहे. ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा बोलबाला पुष्कळ झाला. पाळक व धर्मशिक्षक यांच्या दृष्टीने त्याचे वाचन मात्र आमच्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा प्रपंच.

हे परीक्षण आम्ही पिपलानीहून लिहीत आहोत. भोपाळच्या पूर्वेकडील ही वसाहत विजेची अवजड यंत्रे बनविणाऱ्या सरकारी कारखान्यासाठी उभी राहिली. येथे जो तो कोठून तरी पोटासाठी आलेला. मराठी कुटुंबेही त्यांतच. शहराच्या दुसऱ्या टोकास, मोठ्या तलावाच्या काठी, चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन १९८२ साली उघडले, आणि त्याच्या ओढीने मंडला भागातील गोंड व परधान माणसे भोपाळास येऊ लागली. तीही पोटासाठीच आली, हे कलेविषयी बोलताना विसरू नये.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडेही ही जमात आहे. सात गोंड भावांपैकी सर्वांत धाकटा बाणा हे वाद्य घेऊन साजाच्या झाडाखाली बसला व रुसलेल्या बडादेवास त्याने वाजवून प्रसन्न केले, तोच परधानांचा मूळपुरुष, अशी त्यांची कथा आहे. ठराविक वर्षांनी यजमान गोंडाच्या दारी जावे, बाण्यावर त्याच्या कुळाचा इतिहास गावा आणि धान्य, वस्त्र, गुरे असे दान घेऊन परतावे, असा हा व्यवसाय होता. यजमान गरीब होत गेले तसे दान आटले व गाणेही आटले.

या लोकांविषयीचा महत्त्वाचा ग्रंथ एका मराठी ख्रिस्ती माणसाने लिहिला आहे, ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेली. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. १९३२ साली व्हेरिअर एल्विन यांच्यासह ते मंडल्याच्या रानात गेले आणि पुढे तेथलेच झाले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरचे त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये निघाले. ज्या पाटणगढ गावी हिवाळे व एल्विन यांचे वास्तव्य होते, त्याच गावात पुढे जनगढसिंह श्याम जन्मले. भारत भवनासाठी चित्रे व कलावंत शोधीत निघालेल्या जगदीश स्वामीनाथन यांच्या मंडळीस भिंतीवरील त्यांचे चित्र दिसले, आणि तेथून कागद, कॅनव्हास, पॅरिसचे १९८९ चे प्रदर्शन असा त्यांचा प्रवास झाला. २००१ साली जपानमध्ये, घरापासून दूर, त्यांनी स्वतःच्या हातांनी जीवन संपविले. जनगढ यांनी देवांना प्रथमच रूप दिले असे म्हटले जाते. आजवर ते देव गाण्यात होते, डोळ्यांपुढे नव्हते. सुभाष व्याम हे जनगढ यांच्या पत्नीचे भाऊ. त्यांचा हात प्रथम मातीत घडला. दुर्गाबाई लहानपणी आजीजवळ ‘डिगणा’ शिकल्या. सणासुदीस घराच्या भिंतीवर व जमिनीवर काढावयाची ही आकृती. आपल्या रांगोळीशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र ती घराला अंगासरशी वेढून घेते, उंबऱ्यापुढे थांबत नाही.

आता ग्रंथाकडे वळू. पाणी, निवारा व प्रवास असे त्याचे तीन भाग आहेत. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसेल त्या दिवशी तहानेला राहणारा मुलगा. १९१७ साली बडोद्यात परदेशी विद्या घेऊन आलेला आणि पारशी धर्मशाळेतून हाकलला गेलेला अधिकारी. चाळीसगावात टांगेवाल्यांनी महाराला बसवावयास नकार दिल्याने ज्याला हाकता येत नव्हते अशाच्या टांग्यातून जावे लागून अपघातात सापडलेला पुढारी. हे प्रसंग आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले असून मराठी वाचकास ते पाठ आहेत. व्याम दांपत्याने त्यांचे केले काय, ते पाहण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी चौकटी नाकारल्या. चित्रकथेच्या पुस्तकात पानाचे चौकोन पाडून एकेकात एकेक प्रसंग भरण्याची रीत असते. माणसांना असे डब्यात कोंबले की त्यांचा श्वास अडतो, अशी या दोघांची भूमिका. त्यांनी पान खुले ठेवले, आणि जेथे विभागणी हवीच तेथे डिगण्याची वळणदार पट्टी सोडली. ती भिंतीसारखी आडवी येत नाही, ओढ्यासारखी वाहते. येथील कारखान्यातून निवृत्त झालेल्या, जन्मभर यंत्रांचे आराखडे काढलेल्या एका गृहस्थांस आम्ही हा ग्रंथ दाखविला. पाने उलटीत ते म्हणाले, “अहो, यात वाचायचे कोठून आणि मोजायचे कोठून?” प्रश्न रास्त होता. मात्र पुढे ते पाऊण तास त्याच पानांवर रेंगाळले. चौकटीचे चित्र डोळ्याला पुढच्या घरात ढकलते; खुले पान त्याला थांबवून घेते. पाण्याकडे पाहत तिष्ठत राहिलेल्या मुलाची कथा सांगावयाची असेल, तर तिष्ठणे वाचकाच्याही वाट्यास यावे, हे योग्यच नव्हे काय?

दुसरी गोष्ट आम्हांस त्याहून मोठी वाटते. या ग्रंथात संवादाच्या फुग्यांना आकार आहेत. ज्याचे बोलणे मृदू, जो सोसणारा, त्याचे शब्द पक्ष्याच्या आकृतीत. ज्याच्या बोलण्यात जातीचा डंख, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा, कारण तो मनाच्या डोळ्याने पाहिलेला. गायकाच्या वंशातला माणूस चित्रकथी कसा होतो, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. प्रसंग रेखाटणे हे कोणाही चित्रकारास जमेल. परंतु आख्यान गाणाऱ्याला माहीत असते की शब्द तोच राहतो आणि स्वर बदलला की अर्थ बदलतो; बाणा हा तो स्वर धरून ठेवणारा. बाणा गेला, आवाज गेला, तेव्हा या दोघांनी स्वर कागदावर उतरविण्याची सोय शोधून काढली. तहानलेल्या भीमाचे अंग मासा होते. चवदार तळ्याच्या सभेतील कर्णे झाऱ्या होऊन श्रोत्यांवर पाणी शिंपतात. यांत अलंकार पुष्कळ आहे, परंतु तो वरून चिकटविलेला नाही. ज्याच्या जगात झाड, मासा, विंचू आणि माणूस एकमेकांत सहज मिसळलेले आहेत, तो दुसऱ्याची कथाही त्याच जगात नेऊन सांगतो. कथा परक्याची, रान आपले.

आणि परक्याची कथा हेच त्यांच्या प्रवासातील अवघड वळण. परधानाने युगानुयुगे यजमानाचे कुळ गायिले. येथे ज्यांचे चरित्र गावयाचे ते ना गोंड, ना दाते. दान मागण्यासाठी नव्हे, तर ज्याला दारातून परत पाठविले त्याच्यासाठी बाणा उचलावयाचा, असा हा पालट आहे. त्याची जाणीव पानापानांतून होते. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यापूर्वीच ही मजल त्यांनी गाठली होती.

आता दोष. चित्र जितके मोकळे, तितकी संहिता बांधलेली आहे. बसथांब्यावर दोन व्यक्ती राखीव जागांवर वाद घालतात व त्यांतून आंबेडकरांची कथा निघते, ही योजना शिकवणीच्या वर्गासारखी वाटते. एकाने अज्ञान दाखवावे, दुसऱ्याने ते दूर करावे! प्रश्नोत्तरी घोकून घेणाऱ्या आम्हां धर्मशिक्षकांस ही पद्धत ओळखीची आहे आणि तिचा तोकडेपणाही. चित्राने अर्धवट उघडे ठेवलेले दार शब्द येऊन सताड उघडतो, आणि आत काय आहे तेही सांगून टाकतो.

पक्षी व विंचू यांच्या विभागणीविषयीही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. बडोद्याची आंबेडकरांची मूळ आठवण वाचावी. धर्मशाळेतून निघावे लागल्यावर त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. पुढे आंबेडकरांस कळले की ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. पती उदार झाला होता, पत्नीचे सोवळे बाप्तिस्म्यानंतरही सुटले नव्हते. मग कमाठी बागेत काही तास काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. त्या ख्रिस्ती मित्राचे वाक्य कोणत्या फुग्यात घालावयाचे? त्यात कठोर शब्द एकही नाही. सभ्य, सौम्य, गृहस्थाला शोभणारे ते बोलणे आहे, आणि नांगी आहे ती त्यातच. पक्षी किंवा विंचू अशा दोनच आकारांची भाषा या वाक्यापुढे अपुरी पडते. पंखांखाली नांगी झाकलेला तिसरा आकार हवा होता. या दोघांच्या हाताला तो साधला नसता असे नाही; विंचू आणि पक्षी एकाच अंगात दाखविणे त्यांच्या रेषेला मुळीच परके नाही. आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात ते वाक्य निरनिराळ्या स्वरांत किती वेळा बोलले गेले, हे पाळकबंधूंस आम्ही सांगावयास नको.

चित्रांच्या बाबतीत आपला स्वतःचा अनुभव पाहिला, तर तो फार अभिमानाचा नाही. आंजेलो द फोन्सेका यांनी, शांतिनिकेतनात शिकून आल्यावर, मरियेला साडी नेसविली तेव्हा गोव्यात त्यांना विरोध झाला. ते पुण्यास आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून १९६७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चित्रे काढीत राहिले. हिवाळे ज्या संघातून मंडल्यास गेले, त्याचाच हा पुढचा अवतार, हा योगायोग लक्षणीय आहे. शाळांतून व वस्त्यांतून मात्र आपण वापरले ते परदेशी छापाचे चित्रतक्ते. त्यांत शोमरोनी स्त्रीची विहीर असते, परंतु त्या विहिरीवर कोणाला चढू देत नाहीत ते दिसत नाही. ते शिक्षकाने तोंडी सांगावयाचे, आणि बहुधा सांगितले जात नाही.

‘भीमायन’मधील पाण्याचा भाग वर्गात नेता येईल. इंग्रजी संहिता झाकून, केवळ पाने दाखवून, मुलांनाच प्रत्येक फुग्यातील बोलणे आपल्या भाषेत म्हणावयास सांगावे, असे आम्ही सुचवितो. पाने मोठी आहेत, मागच्या बाकावरूनही दिसतात. आणि मुखपृष्ठही वाचून दाखवावे. तेथे चित्रकारांची नावे लेखकांच्या आधी छापलेली आहेत.