दुसऱ्या वर्षाची बातमी

२६ ऑगस्ट २०२४ ला दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा कोसळला. त्या दिवशी सोमवार होता, गोकुळाष्टमी होती, आणि गणपती बारा दिवसांवर आले होते. कोकणात या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. भिंतींना रंग काढायचा, माटवीचं सामान जमवायचं, मुंबईहून कोण कुठल्या गाडीनं येतोय त्याचा हिशेब लावायचा. या लगबगीत पुतळा पडला आणि राज्यातल्या झाडून सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या मालवणात येऊन थडकल्या. २८ तारखेला दोन पक्षांचे कार्यकर्ते किल्ल्यातच एकमेकांना भिडले. ३० तारखेला पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. पुढे शिल्पकाराला अटक झाली. महाराष्ट्रानं हे सगळं पाहिलं. राजकोट-मेढा भागात घरं असलेली माणसं मात्र एकाच अवस्थेत दिसली: तोंडासमोर माइक आणि 'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न.

मोठ्या घटनेमागच्या साध्या माणसाची गोष्ट सांगणं ही एक कला आहे, आणि मराठीत ती आज कुठवर आली आहे हे पाहायचं तर मालवणच्या किनारपट्टीइतकी सोयीची जागा नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत फयान आणि तौक्ते ही वादळं, पर्ससीन जाळ्यांचा झगडा, पर्यटकांचे बुडून झालेले मृत्यू आणि हा पुतळा अशा कितीतरी मोठ्या बातम्या या चिंचोळ्या पट्ट्यात होऊन गेल्या. प्रत्येक वेळी 'सामान्य माणूस' छापला गेला, दाखवला गेला. तरीही त्यातला एकही माणूस वाचकाच्या लक्षात राहिलेला नाही, आणि हा दोष वाचकाचा आहे असं मला वाटत नाही.

पुतळ्याचंच घ्या. सामान्य माणसाला भावना विचारायच्या आणि ज्ञान तज्ज्ञाला, अशी वाटणी आपल्या पत्रकारितेनं कधीच करून टाकली आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती तग धरतं, नट कुठून गंजायला लागतो, पावसाळ्याआधी काय खरवडून काय फासायचं, हे ज्याची होडी इंजिनावर चालते त्याला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्यांपेक्षा जास्त कळतं. त्याचं पोट त्यावर आहे. पुतळा पडण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्यानं नट-बोल्ट गंजत असल्याचं पुतळा उभारणाऱ्या नौदलाला पत्रानं कळवलं होतं. ते पत्र बाहेर आलं तेव्हा त्याची पहिल्या पानाची बातमी झाली. पण त्या पत्रात होतं तेवढं ज्ञान बंदरावरच्या कुठल्याही मेस्त्रीकडे होतं. त्याला मात्र विचारलं गेलं ते फक्त 'वाईट वाटलं का?' एवढंच. वाईट कुणाला वाटत नाही? उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारायचा आणि त्या उत्तराला माणसाची गोष्ट म्हणायचं, ही सवय या कलेला लागलेली पहिली कीड.

मराठीत ही कला दुबळी कधीच नव्हती. बिहारच्या दुष्काळाच्या निमित्तानं तिकडे गेलेल्या अनिल अवचटांनी 'पूर्णिया' लिहिलं, ते १९६९ मध्ये पुस्तकरूपानं आलं. नंतर 'माणसं'मध्ये हमाल, विडी कामगार, हळदीच्या कारखान्यात राबणारे असे लोक आले. अवचटांचं बळ त्यांच्या पायांत होतं. ते जात, बसत, परत जात. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांनी त्यांच्यातला 'मी' तेवढा उचलला आणि पायपीट सोडून दिली. त्यामुळे आज दिवाळी अंकातला रिपोर्ताज उघडावा तर पहिली दोन पानं लेखक गाडीतून कसा गेला, चहा कुठे प्याला, मनात काय दाटून आलं यातच जातात आणि ज्याच्याकडे तो गेला तो माणूस चौथ्या पानावर दोन वाक्यं बोलून निघून जातो. पी. साईनाथांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' मराठीत आलं, २०१४ पासून 'परी' या संकेतस्थळावर गावागावांतल्या कष्टकऱ्यांबद्दलचे लेख मराठीतही वाचायला मिळतात. त्या शिस्तीचा थोडाफार परिणाम तरुण बातमीदारांवर दिसतो. पण जिल्हा आवृत्तीत काम करणाऱ्याला रोज पानं भरायची असतात, वर जाहिरातींचंही बघायचं असतं. त्याच्याकडून पायपिटीची अपेक्षा करताना त्याला पगार काय मिळतो हेही विचारायला हवं.

जगातली या प्रकारातली दोन मोठी नावं घेतली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. जॉन हर्सीचं 'हिरोशिमा' बॉम्ब पडल्यानंतर वर्षानं, ऑगस्ट १९४६ मध्ये 'न्यूयॉर्कर'च्या अख्ख्या अंकात छापलं गेलं. त्यात बॉम्बमधून वाचलेली सहा माणसं. त्याच सहा जणांचं पुढे काय झालं हे पाहायला हर्सी जवळजवळ चाळीस वर्षांनी परत गेला आणि १९८५ मध्ये त्यानं पुस्तकाला नवा भाग जोडला. स्वेतलाना अलेक्सिएविचचं चेर्नोबिलवरचं पुस्तक अपघातानंतर अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये आलं. बातमी संपल्यावरच यांचं काम सुरू झालं. आमच्याकडे बातमी संपली की माणूसही संपतो.

किनाऱ्यावर तर दुसरं वर्षच खरं असतं. १६ मे २०२१ ला तौक्ते सिंधुदुर्गसमोरून गेलं. देवगड बंदरात नांगरलेल्या नौका सुटल्या, खलाशांचे जीव गेले; मालवण तालुक्यात माड आणि विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. पहिल्या आठवड्यातल्या बातम्या वाईट नव्हत्या. काही तर मेहनतीनं केलेल्या होत्या. पण त्यानंतर सुरू झाला पंचनामा, आणि तिथे बातमीदार नव्हता. होडी 'अंशतः' की 'पूर्णतः', हा एक शब्द कागदावर कसा पडतो त्यावर घराचं पुढचं वर्ष ठरतं. आपत्ती निवारणाच्या केंद्राच्या २०१५ ते २०२० या काळासाठीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० रुपये होते. तौक्तेनंतर राज्य सरकारनं मदत वाढवली, तरी नवी होडी बांधायला काय पडतं ते ज्याला ठाऊक आहे तो हे आकडे ऐकून हसेल. त्यात जाळं बहुतेकदा थोडं थोडं करून जमवलेलं, काही उसनवारीवर, काही भावाच्या जाळ्याचा तुकडा जोडून. त्याची पावती कुठून आणायची? मधली तफावत कुणी भरून काढली, व्यापाऱ्यानं आगाऊ रक्कम दिली तर मासळी कुठल्या दरानं त्यालाच घालावी लागली, बायकोच्या गळ्यातलं काय गेलं, मुलगा होडी सोडून गोव्याला हॉटेलात लागला का, या प्रश्नांची उत्तरं मे २०२१ मध्ये मिळणारच नव्हती. ती २०२२ च्या नारळी पौर्णिमेला मिळाली असती, कारण तोपर्यंत कोण दर्यात उतरला आणि कोण नाही हे गावाला दिसलेलं असतं.

फयानचं तर याहून कठीण. ११ नोव्हेंबर २००९ च्या त्या वादळात कोकणातले मच्छीमार समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. बातमीत ते 'बेपत्ता' झाले आणि बातमी तिथेच थांबली. पण बेपत्ता हा कायद्याच्या दृष्टीनं लांबलचक प्रवास आहे. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत धरता येतो, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे सरकारनं वेगळी सवलत दिली नसेल तिथे ही मुदत भरली २०१६ च्या नोव्हेंबरात. तोवर घरातली बाई कागदावर सधवाही आणि निराधारही. बँकेत, तलाठ्याकडे, शाळेच्या दाखल्यावर ती काय लिहीत होती? २०१६ च्या त्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नोटबंदीच्या रांगांच्या बातम्या होत्या. फयानच्या सातव्या वर्षाची बातमी माझ्या तरी वाचनात आली नाही.

पर्ससीनच्या झगड्यात वेगळीच अडचण आहे. तिथे बातमीदार परत परत गेले, पण प्रत्येक वेळी तेच दोन पक्ष घेऊन: गरीब रापणकर आणि धनदांडगा पर्ससीनवाला. सोमवंशी समितीचा अहवाल, ५ फेब्रुवारी २०१६ चा निर्बंधांचा आदेश, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आलेली बंदी हा सगळा तपशील छापून आला. रापणकरांवरचा अन्याय खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. होडीतून जाळं अर्धगोलात सोडत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांनी ओढायचे, आणि जे येईल त्याचे वाटे घालायचे, या रापणीच्या पद्धतीत किनाऱ्याजवळ मासा आलाच नाही तर पन्नास माणसं रिकाम्या हातांनी घरी जातात. पण गावात इतकी सरळ फाळणी नसते. एका घरातला थोरला रापणीत आणि धाकटा मोठ्या बोटीवर, असंही असतं, आणि मग जेवायला बसल्यावर काय बोलणं होतं ती खरी गोष्ट. शिवाय या किनाऱ्यावरच्या मोठ्या नौकांवर आज नेपाळहून आलेले खलाशी आहेत. बातम्यांमध्ये ते जवळजवळ नाहीतच. त्यांच्याशी बोलण्याएवढी हिंदी प्रत्येक बातमीदाराला येते, तेव्हा भाषेची सबब चालणार नाही.

घटना एकीकडे आणि तिची माणसं दुसरीकडे असली की मग विचारूच नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात कोकणातले चाकरमानी मोठ्या संख्येनं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांचे आवाज गोळा करून मौखिक इतिहास लिहिला, जयंत पवारांनी 'अधांतर' हे नाटक लिहिलं. हे काम मोलाचं आहे. पण यातलं बहुतेक सगळं लालबाग-परळच्या बाजूनं पाहिलेलं. मनीऑर्डर थांबल्यावर मालवण, कुडाळ, कणकवलीच्या घरांत काय झालं, परत आलेल्या माणसाला वीस वर्षांनी नांगर धरता आला का, त्याच्या वाट्याची जमीन भावानं कसली होती तिचं काय झालं, ही बाजू त्या मानानं फारच थोडी लिहिली गेली. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

या सगळ्याला लागणारा घाट मालवणी मुलखात आयता पडला आहे, आणि तो म्हणजे गजाल, गावच्या गप्पा. दूरचित्रवाणीनं २०१७ मध्ये तिची मालिका केली आणि लोकांना ती नुसती विनोदी वाटू लागली, पण तिची रचना बघण्यासारखी आहे. गजालीत माणूस बिचारा नसतो. होडी गेलेला माणूसही तिच्यात लबाड असतो, चिकट असतो, शेजाऱ्याशी बांधावरून भांडत असतो, आणि तरी त्याचं दुःख कमी होत नाही. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' याच मातीतलं; त्यातल्या माणसांचे दोष दळवींनी झाकले नाहीत, म्हणून ती जिवंत राहिली. उलट वर्तमानपत्रातला आपद्ग्रस्त नेहमी सज्जन, कष्टाळू आणि अश्रूंनी भरलेला. बोलतोही तो पुस्तकी: 'माझं सर्वस्व गेलं.' मालवणात असं कोण बोलतं? 'होडी गेली, आता बघूया' म्हणतील आणि वर बातमीदारालाच विचारतील, 'तुमी खंयचे?' हा उलट प्रश्न बातमीतून कापला जातो, आणि माणूसही तिथेच कापला जातो.

अर्थात गजालीवर विसंबून पत्रकारिता होत नाही. ती तिखटमीठ लावते, तारखा बदलते, आणि लहान गावात एखाद्या बाईची अब्रू सहज वेशीवर टांगते. ज्या वाडीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे नाव बदलून भागत नाही. 'दोन मुलगे, एक बोटीवर' एवढ्यावरूनही घर कळतं. तपासणं आणि झाकणं या दोन गोष्टी बातमीदारानं आपल्या घरून आणायच्या. सांगण्याची ढब मात्र गावाकडून घ्यावी.

सध्या नियमानं परत जाणारे कोण असतील तर ते यूट्यूबवाले. हातात मोबाईल घेऊन दर हंगामात त्याच रापणीवर जाणारी, त्याच आजीच्या चुलीपाशी बसणारी कोकणातली मुलं बरीच आहेत. त्यांतल्या बहुतेकांना शेवटी होमस्टे आणि मासळीची थाळीच विकायची असते, त्यामुळे त्यांच्या किनाऱ्यावर कर्ज नसतं, पंचनामा नसतो, दारूही नसते. तरीही तीन वर्षांचे त्यांचे व्हिडिओ ओळीनं पाहिले तर किनारा किती खचला, होडीवर कोण नवं आलं, कुठलं घर बंद पडलं हे दिसतं. व्यावसायिक पत्रकारितेनं याची थोडी लाज बाळगायला हरकत नाही.

परत जाण्याजोग्या गोष्टी अजून आहेत. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. दोन्ही वेळी गावातली माणसं धावली, आणि 'स्थानिकांच्या मदतीनं' या दोन शब्दांत ती बसवली गेली. बुडत्याला ओढून काढणाऱ्याला पुढे त्याच पाण्यात रोज पर्यटक न्यायचे असतात. त्याची झोप, त्याचा धंदा, पुढल्या मोसमातली त्याची भीती यावर एक चांगला लेख होऊ शकतो. अजूनही होऊ शकतो.

राजकोटवर ११ मे २०२५ ला नवा, आधीच्यापेक्षा खूप उंच पुतळा उभा राहिला. गाड्या पुन्हा आल्या आणि पुन्हा गेल्या.

बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं, म्हणून दर वर्षी त्या तारखेला पत्रकार दिन होतो, पोंभुर्ल्यात पत्रकार जमतात, भाषणं होतात, पुरस्कार दिले जातात. पुढच्या खेपेला त्यातल्या दोघा-चौघांनी भाषणं अर्ध्यावर सोडून त्याच तालुक्यातल्या देवगड बंदरावर जाऊन यावं. जानेवारीत मासेमारी चालू असते, माणसं भेटतात. मात्र लिलाव चालू असताना जाऊ नये. तेव्हा कुणी बोलणार नाही.