बोडो कवितेतील बाथौ आणि आपले वाचन
बोडो भाषेने १९७५ साली देवनागरी स्वीकारली. म्हणून तिच्या कवितेतील अक्षरे आम्हांस वाचता येतात. अर्थ मात्र परका राहतो. ओळखीची लिपी येथे चकवते. अंगणातले निवडुंगासारखे सिजौ हे बाथौ दैवताचे प्रतीक. खेराइ पूजेत नाचणाऱ्या दौदिनीच्या मुखाने देव बोलतात. अशा बाथौस ‘शिव’ म्हटले की टीप पुरी होते आणि कविता संपते.

अनिल बोरो यांच्या ज्या काव्यसंग्रहास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, त्याचे शीर्षकच डेल्फीच्या पाषाणदेवतेस ‘मोदाइ’ हा बोडो शब्द देते. येथे परके दैवत बोडो भाषेत आले आहे. बोडो दैवत परक्या नावाखाली झाकलेले नाही.

जातकाच्या अभ्यासकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. तेथे लोककथा अतीतवत्थु होते आणि समोधानात तिच्यातील एक पात्र पूर्वजन्मीचे तथागत ठरते. त्यायोगे कथा तगल्या. परंतु त्या प्रथम सांगणारे विस्मृतीत गेले. बोडो कवितेचे समोधान बोडो कवीनेच करावे, असे आमचे नम्र मत आहे.