कागदाचा गुरू

मी काही संगीताचा जाणकार नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. ‘गुरूवाचून विद्या नाही’ हे वाक्य मात्र मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले आहे. त्या वाक्याला पहिला धक्का दिला तो जोर्दी साव्हाल यांनी.

साव्हाल कातालोनियातील इगुआलादा गावचे. जन्म १९४१ चा. ते आधी चेलो शिकले आणि मग व्हिओला दा गांबा या जुन्या वाद्याकडे वळले. हे वाद्य दोन पायांत धरून गजाने वाजवावयाचे. त्याच्या तारा तातीच्या, आणि मानेवर बांधलेले पडदेही तातीचेच. गज आणि पडदे असे एकत्र आपण दिलरुब्यात पाहतो. पुढे दिवाणखान्यांची सभागृहे झाली, चेलोचा भरदार आवाज लोकांना रुचला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हे वाद्य जवळजवळ मुके झाले.

मग शिकावे कोणापाशी? बाझेलला ऑगस्ट व्हेन्झिंगर होते. १९६८ साली साव्हाल त्यांच्याकडे गेले. परंतु व्हेन्झिंगर यांनाही ही विद्या जुन्या पोथ्यांतूनच उकलावी लागली होती. खरा गुरू मारँ मारे (१६५६–१७२८). त्याने गांबावादनाची पाच पुस्तके छापली. कोणते बोट, गज कसा, हरकत कुठे, याच्या खुणा करून ठेवल्या. एकलव्याचा गुरू मातीचा होता, साव्हाल यांचा कागदाचा.

१९९१ च्या ज्या फ्रेंच चित्रपटात मारेची कथा आहे, त्यातील गांबा साव्हाल यांची. ऐकताना जाणवतो तो दोन सुरांमधला श्वास. तो कोणत्याच खुणेत लिहिलेला नसतो. तो वाजवणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घालावा लागतो. ‘तेव्हा असेच वाजत असे’ याची ग्वाही आज कोण देणार? पण वादन खरे वाटते, ते या पदरमोडीमुळेच.

सारेच मला रुचते असे नाही. देशोदेशींचे कलावंत एकत्र बसवून त्यांनी केलेल्या मोठ्या मैफलींत कधी कधी गोडवा फार होतो. यजमानाच्या लगबगीत वादक हरवतो. माणूस मात्र कण्याचा. २०१४ साली सरकारच्या सांस्कृतिक धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी स्पेनचा राष्ट्रीय संगीत पुरस्कार नाकारला.

फराळाची ताटे आवरल्यावर, वाचकहो, त्यांची एकट्या गांबेची एखादी ध्वनिमुद्रिका ऐका. फळ्यावरचे ते वाक्य मी अजूनही पुसलेले नाही. पण मुलांना सांगतो, गुरू समोर बसलेलाच असावा, असे काही नाही.