अंकलिपीतले चित्र आणि पोराचे चित्र

आमच्या घरात आलेले पहिले पुस्तक म्हणजे अंकलिपी. वडिलांनी ती आठवड्याच्या बाजारातून आणली. आईवडिलांना तिच्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते; चित्रे मात्र दोघांनी निरखून पाहिली. 'भ' भटजीचा, 'य' यज्ञाचा, 'ऋ' ऋषीचा. आमच्या वस्तीत यज्ञ कधी झाला नव्हता आणि भटजी तिकडे फिरकत नव्हता. यज्ञाच्या चित्रावर बोट ठेवून आईने विचारले, "ही चूल अशी उघड्यावर का मांडली?" आईला चित्रसुद्धा वाचता येत नाही, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

मुलाला चित्रातून वाचनाकडे न्यावे, असे आता सगळेच म्हणतात. पण कोणाच्या चित्रातून? पुस्तकातले चित्र तयार येते. बालवाडीत छापील आंब्याच्या रेघेच्या आत पिवळा रंग भरायचा; रंग बाहेर गेला की बाई रागावतात. याला चित्र काढणे म्हणायचे असेल, तर फळ्यावरचे उतरवून घेण्याला लेखन म्हणावे लागेल. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने मुलाच्या चित्रात लेखनाची पूर्वावस्था पाहिली. मूल समोर दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. वस्तूप्रमाणे बोलणेही कागदावर काढता येते हे त्याला उमगले, की ते लेखनापाशी येऊन पोचते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या बाईंनी गोऱ्या घरांची चित्रे असलेली वाचनपुस्तके मागे सारली आणि प्रत्येक मुलाला हवा असलेला शब्द विचारून तो कार्डावर लिहून दिला. भीतीचे आणि जिव्हाळ्याचे शब्द मुले एकदा पाहूनच ओळखतात, हा आपला अनुभव त्यांनी १९६३ सालच्या 'टीचर' या पुस्तकात मांडला आहे.

हे सगळे वाचलेला मी, दर रविवारी वस्तीतल्या विहारात पहिली-दुसरीच्या पोरांना घेऊन बसतो. पाठकोरे कागद आणि खडू, एवढेच साहित्य. एका मुलीने नळ काढला आणि कागद संपेपर्यंत हंड्यांची रांग. हंडे मोठे, बाई एवढीशी. "काय काढलेस?" "माय पानी भरती." मी खाली सुवाच्य अक्षरात लिहिले : आई पाणी भरते. पुढच्या रविवारी तिला ते वाचायला सांगितले. तिने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले आणि अडली. "सर, ह्यात 'मा' कुठंय?" तिच्या नावात 'मा' आहे, तेवढे अक्षर तिला पक्के ठाऊक. तिचे वाचन बरोबर होते. लिहिणे माझे खोटे होते.

एका शिक्षकमित्राला हे सांगितले तेव्हा तो उखडला. "परीक्षेत 'पानी' लिहिले तर गुण तू देणार का? आधीच आपली पोरे मागे, त्यांना चित्रे काढत बसवतोस?" हा प्रश्न पोकळ नाही. नुसत्या चित्राने अक्षर येत नाही. वर्षभर चित्रेच काढून बाराखडीला न शिवलेली पोरे मी पाहिली आहेत. प्रमाण मराठी तर आम्हाला हवीच, तिच्यावाचून नोकरी नाही की कोर्ट नाही. म्हणून आता मी आधी पोराचे वाक्य लिहितो आणि काही आठवड्यांनी त्याखाली शाळेचे. हा क्रम उलटला की काय होते, ते कॉलेजात माझ्यासमोर बसलेले असते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्या गल्लीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा लिहितो, 'माझे गाव निसर्गरम्य आहे.' व्याकरणाची एक चूक नसते.

मागच्या रविवारी त्या मुलीने नळाला कुलूप काढले. "खाली काय लिहू?" म्हणून विचारले, तर तिने माझ्या हातातला खडू घेतला, वाकडा 'मा' स्वतः काढला आणि पुढचे मला लिहायला लावले.