सामायिक मुद्रक आणि चरख्याची कसोटी

मुक्त आज्ञावली म्हणजे संगणकक्षेत्रातील ग्रामस्वराज्य, हे समीकरण आता गुळगुळीत झाले आहे. वर्ध्यात तरी ते तपासून पाहिले पाहिजे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी काटेकोर होत्या : किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य २० वर्षांचे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. ही कसोटी लिनक्सवरील सामायिक मुद्रकाला लावली तर काय दिसते?

या चळवळीच्या जन्मकथेत सामायिक मुद्रकच आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स मुद्रकाची मूळ आज्ञावली रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारली गेली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला. आजची कप्स ही मुद्रणव्यवस्था मायकेल स्वीट यांची, १९९९ची. तिची रचना सुबोध आहे. मुद्रक ज्या संगणकाला जोडला, तेथे तो सामायिक करावा. जाळ्यातील इतर संगणकांना तो आपोआप दिसतो आणि काम ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. जोडाक्षरांची जुळणी पाठवणाऱ्या संगणकावरच होऊन पीडीएफमध्ये टंक समाविष्ट होत असल्याने मराठी मजकुरासाठी मुद्रकाच्या संगणकावर वेगळा टंक लागत नाही. येथवर स्वराज्य खरे.

अडचण यंत्राच्या पोटात आहे. आपल्याकडील कार्यालयांत सर्रास दिसणारा लेसरजेट १०२० घ्या. तो बंद करून पुन्हा सुरू केला की त्याची अंतर्गत आज्ञावली संगणकाने त्याला नव्याने पुरवावी लागते, आणि ती कंपनीचीच, बंदिस्त असते. कप्स मुक्त असूनही मुद्रकाची किल्ली कंपनीच्या हाती राहते! दुरुस्तीची अट येथेच मोडते. ग्रामस्वराज्याच्या रूपकात हा भाग सहसा गाळला जातो. सामायिकतेचा धोकाही त्यातून सुटतो : सप्टेंबर २०२४ मध्ये मुद्रक शोधून देणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. जाळ्यात सहज सापडणे ही सोय, पण ती कोणाला खुली ठेवायची हे ठरवणारा जाणकार महाविद्यालयात हवा.

आयपीपी एव्हरीव्हेअर मानक पाळणाऱ्या मुद्रकाला कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. खरेदी समितीच्या तुलनात्मक तक्त्यात किंमत आणि मिनिटागणिक पाने यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी या मानकाचा एक रकाना आखता येईल.